मंदाताईंचं हाताला दिसणारं घर

सकाळचं दूध तापू लागलं की वरच्या मजल्यावरून एक किणकिण खाली उतरते. आधी एकटीदुकटी, दबकत. मग तिचा वेग वाढत जातो, आणि बघता बघता पातेल्यात कोणी मूठभर घुंगरं टाकावीत तसा तो नाद आमच्या खिडकीत येऊन उभा राहतो. पाठोपाठ गॅसचं बटण फिरल्याचा हलका खटका, आणि मग शांतता. घरी आलेले पाहुणे विचारतात, वर कोणी पूजा करतंय का? मी सांगते, नाही, आमच्या मंदाताईंचं दूध तापलं.

मंदाताई माझी मोठी जाऊ. कळवणजवळच्या एका शेतकरी घरातून त्या नाशकात लग्न होऊन आल्या, आणि पुढे दोघा भावांनी इंदिरानगरात एकाच इमारतीत घरं घेतली. दादांचं, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांचं, वरचं आणि आमचं त्याखालचं. दादा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. यंत्राच्या पोटात काय बिघडलं आहे ते नुसत्या आवाजावरून ओळखणारा, पण माणसांशी मोजकंच बोलणारा माणूस. त्यांच्या त्या अबोल घरात जो काही गजबजाट होता, तो मंदाताईंच्या हातांचा होता.

ते हात मी कधी रिकामे पाहिले नव्हते. फुटलेल्या बांगड्या मेणबत्तीच्या आचेवर वाकवून त्यांची तोरणं होत. जुन्या साड्यांचे काठ एकमेकांना भेटून गोधडीत नव्यानं नांदू लागत. दादांच्या झिजलेल्या पँटींना बंद लागून त्यांच्या बाजाराच्या पिशव्या बनत. मे महिन्याच्या कलत्या दुपारी कॉलनीतली पोरं त्यांच्या घराच्या दारात चपलांचा ढीग करून आत बसलेली असत, आणि जुन्या वर्तमानपत्रांतून पक्षी, होड्या, कंदील यांचा एक हलका, सळसळता प्रदेश त्या खोलीभर पसरत जाई. कुठलीही वस्तू हातात आली की मंदाताई ती क्षणभर उलटीपालटी करत, जणू तिला विचारत असाव्यात, की तुला अजून काय व्हायचं राहिलंय? मग त्या वस्तूला तिचं दुसरं आयुष्य मिळे. मी लग्न होऊन आले तेव्हा परक्या घराची धास्ती माझ्या छातीत थंडीसारखी बसली होती. ती विरघळली, ती या हातांच्या शेजारी बसून. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बटणांचा डबा पुढ्यात दिला आणि म्हणाल्या, “हे निवड. हात कामात असला की मन घाबरत नाही.”

त्यांची नजर कधी उणावू लागली, हे आम्हाला कोणालाच नेमकं सांगता येणार नाही. संध्याकाळ ज्या हळुवारपणे अंगणातून वस्तू उचलून नेते, आधी कोपऱ्यातली कुंडी, मग भिंतीवरचा वेल, मग फाटकाची कडी, तसं काहीसं ते झालं असावं. रांगोळीच्या रेषा एकमेकींना भेटेनाशा झाल्या. काळ्या कापडावर निळी शिवण पडू लागली. उघड्या दाराच्या कडेला खांदा आपटला की मंदाताई हसून म्हणत, “दारच मध्ये आलं.” त्यांच्या हसण्यावर आम्ही सगळे विश्वास ठेवत राहिलो.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो कडांकडून आत सरकत येतो. माणसाला समोरचं दिसत राहतं आणि भोवतालचं जग मात्र मिटत जातं. “गेलेली नजर परत येणार नाही,” ते म्हणाले, “जी आहे ती थेंबांनी जपायची. पण आपल्याला बराच उशीर झालाय.” घरी येताना रिक्षात मंदाताई माझ्या आणि दादांच्या मध्ये बसल्या होत्या. उन्हाचे तुकडे त्यांच्या मांडीवरून सरकत होते आणि त्या ते तुकडे, हिशेबी माणूस जिन्नस निरखतो तशा, एकेक करून बघत होत्या.

मग एका श्रावणातल्या सकाळी ते घडलं. तळण झाल्यावर त्यांनी कढई उतरवून ओट्यावर ठेवली, आणि जिथे ओटा आहे असं त्यांना वाटलं तिथे तो नव्हता. तेल जमिनीवर सांडलं, थोडं पायावर उडालं. जखम मोठी नव्हती; पंधरवड्यात कातडी सावरली. पण दादा त्या आवाजानं जे हादरले ते सावरले नाहीत. मी वर धावत गेले तेव्हा ते थंड पाणी मंदाताईंच्या पावलावर ओतत होते, तांब्यामागून तांब्या, मी थांबवेपर्यंत. त्याच दिवशी त्यांनी सिलिंडरवरचा रेग्युलेटर काढून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून डबा सुरू झाला. पुण्याहून पल्लवीचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिचं म्हणणं सरळ होतं. आईनं आता तिच्याकडे यावं, निवांत बसावं, पुष्कळ केलं.

मंदाताई निवांत बसल्या. बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत, हात मांडीवर ठेवून. मी रोज दुपारी वर जाई आणि ते दृश्य मला बघवत नसे. दोन हात, तळवे वर केलेले, जशा आटलेल्या नदीकाठी रिकाम्या पडलेल्या होड्या. बाहेर भाद्रपदाचं स्वच्छ, धुतलेलं ऊन होतं. समोरच्या गुलमोहरावर पाखरं होती. आणि हे सगळं ज्यांना नावानिशी ठाऊक होतं त्या मंदाताई आवाजाकडे मानही वळवत नव्हत्या. डब्यातली भाजी दादा वाढत, त्या दोन घास खात. एकदा मी विचारलं, “ताई, काही करून आणू का? तुमच्या आवडीचं?”

त्या म्हणाल्या, “अलका, मला भूक खाण्याची नाही गं.”

गणपती येऊन गेले. त्यानंतरच्या एका दुपारी मी दार ढकललं तर खुर्ची रिकामी होती. मंदाताई जमिनीवर बसल्या होत्या, पाय पसरून, आणि भोवती चिंध्यांचं गाठोडं सुटलं होतं. मखमल, गोणपाट, सुती धडपे, साडीचे काठ. डोळे मिटून त्या एकेक तुकडा गालाशी नेत होत्या. जसं एखादं लहान मूल ओळखीच्या माणसांच्या कुशी पारखतं, तसं काहीतरी त्या तन्मयतेत होतं. माझी चाहूल लागताच म्हणाल्या, “ये. बस इथं. डोळे मीट आधी.”

मी मिटले. त्यांनी माझ्या बोटांत एक तुकडा दिला. “काय आहे?”

“मखमल.”

“चव सांग त्याची.”

मला प्रश्न कळला नाही. त्या हसल्या, कित्येक आठवड्यांनी हसल्या. “गोड आहे बघ. ही साखर. आणि हे?” या वेळी हाताला गोणपाट लागलं, खरखरीत, बोटांना टोचणारं.

“तिखट,” मी म्हणाले, आणि मग एकदम माझ्या लक्षात सगळं आलं.

त्या दुपारपासून आमचं काम सुरू झालं. दादा संध्याकाळी गोदाकाठाकडे फेरी मारायला जात, तेवढा वेळ आमचा. कल्पना त्यांची, कात्री माझी. साखरेच्या डब्याच्या गळ्याला मखमलीची पट्टी बसली, तिखटाला गोणपाट, मिठाला सुतळीचा वेढा, हळदीला जुन्या रेशमी साडीचा काठ, चहाला दादांच्या जीनचा तुकडा. डाळींच्या डब्यांना झाकणाशी धाग्यानं एकेक दाणा ओवून टांगला. तुरीला चिंचोका, मुगाला लाकडी मणी, हरभऱ्याला कवडी. साड्यांच्या आतल्या टोकाला बटणं लागली, चपटं म्हणजे हिरवी, चार भोकांचं म्हणजे लाल. औषधाच्या थेंबांच्या बाटल्यांपैकी सकाळच्या बाटलीला रबर चढलं आणि रात्रीची मोकळी राहिली. गॅसच्या बटणापाशी नळ दुरुस्त करताना उरलेल्या लांबीचे, म्हणजे पुट्टीचे, कडक ठिपके बसले. एक बंदचा, एक मंद आचेचा. सुया आम्ही आधीच ओवून साबणाच्या वडीत टोचून ठेवल्या. आणि दुधाच्या पातेल्यात एक छोटी वाटी पालथी गेली. दूध उकळायला आलं की वाफ तिला खालून उचलते, ती किणकिणते, आणि उतू जाण्याआधीच दूध हाक मारतं.

यात नवलाचं असं काही नाही, मला माहीत आहे. चिंध्या, दोरे, बिया. घरोघरच्या अडगळीत असतात तेच. पण त्या आठवड्यांत मी एका माणसाला आपलं घर पुन्हा एकदा, अगदी पायापासून, बांधताना पाहिलं. ते डोळ्यांनी बांधलेलं घर आता मावळत होतं आणि त्याच भिंतींच्या आत, त्याच डब्यांच्या आणि कपाटांच्या अंगावर, बोटांना दिसणारं दुसरं घर पहाटेसारखं उगवत होतं. मंदाताई एखाद्या नव्या मुलखाचे रस्ते पाठ करावेत तशा ओट्यावरून हात फिरवत. चुकलं की चिडत नसत. “परत,” एवढंच म्हणत.

आश्विन उतरणीला लागला तशा त्या एक दिवस दादांना म्हणाल्या, “रेग्युलेटर लावून द्या.”

दादा वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं नाही. “मंदा, तो विषय संपलाय.”

“तुमचा संपला असंल. माझा नाही.” चिडल्या की कळवणचा सूर त्यांच्या बोलण्यात डोकावतो. “माझी चूल मला हवी.”

“आणि पुन्हा काही झालं तर?”

“होईल की. ज्याला दिसतं त्याच्याही हातून होतं. तुम्ही माझा पाय जपताय, खरंय. पण मी पायावर उभी कुठं आहे? नुसती बसून हाय मी.”

वर्तमानपत्र दादांच्या हातात हलायचं थांबलं.

“उठा,” मंदाताई म्हणाल्या. “ओट्यापाशी या. आणि डोळे मिटा.”

मला वाटलं ते नकार देतील. पण ते उठले, आत गेले, आणि त्या उंच, किंचित वाकलेल्या माणसानं आज्ञाधारकपणे डोळे मिटले. पश्चिमेचं ऊन खिडकीतून त्यांच्या तोंडावर येत होतं.

“साखर काढा,” मंदाताई म्हणाल्या.

दादांचा हात चाचपडत डब्यांवरून गेला. गोणपाटाला अडखळला, सुतळीवरून सरकला, रेशमी काठावर क्षणभर रेंगाळला, आणि मखमलीशी थांबला. तिथेच थांबून राहिला. अंगठा त्या पट्टीवर एकदा पुढे आणि एकदा मागे फिरला. ती मखमल मंदाताईंच्या एका ब्लाउजची होती; नाशकात पहिलं भाड्याचं घर घेतलं त्या वर्षी दादांनीच कापड आणून दिलं होतं. ते डोळे मिटूनच म्हणाले, “हा जांभळा.”

“हो,” मंदाताई म्हणाल्या. “फाडला मी. चालेल ना?”

दादांनी डबा जागेवर ठेवला आणि ते बाहेर गेले. आम्ही दोघी ऐकत होतो. माळ्यावरून हत्यारांची पेटी खाली आल्याचा आवाज, मग टेपचं पातं खेचल्याचा. ते परत आले तेव्हा त्यांच्या तोंडात पेन्सिल होती. ओट्याच्या कडेचं माप घेत ते म्हणाले, “कडेला उभी पट्टी मारतो. लाकडाची. हात लागला की कळेल, ओटा इथं संपला. कढई सरकणार नाही.” मग थोड्या वेळानं, अगदी सहज आवाजात, “रेग्युलेटर संध्याकाळी लावतो. आधी पाइप बदलू. जुना झालाय.”

मंदाताई भिंतीला टेकल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला मी आनंद म्हणणार नाही. तो शब्द त्यापुढे फार हलका वाटतो. दीर्घ प्रवासातून माघारी आलेल्या माणसाला आपल्या गावाच्या वेशीवरचं झाड दिसावं, तसं ते होतं.

दिवाळीला पल्लवी आली ती एक मोठी रिकामी बॅग घेऊन. ती कशासाठी आहे हे कोणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. जिन्यातच तिला तळणाचा वास आला आणि ती चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारापर्यंत धावली. तिथे दादा आणि मी उभे होतो. दादांनी तिच्यासमोर हात आडवा धरला. “बघ आधी,” ते हळूच म्हणाले.

मंदाताई चकल्या तळत होत्या. कढईकडे त्यांचं तोंडही नव्हतं. मान किंचित कलती, एक कान तेलाकडे. चकली पडली की तेल खळाळून उठतं, तो आवाज हळूहळू बसत जातो, आणि बुडबुड्यांची कुजबुज विरली की चकली झाली. ते त्या ऐकत होत्या. लांब दांड्याचा झारा कढईच्या कडेला टेकवून आत उतरे, चकल्या उचले, तेल निथळू देई, आणि परातीतल्या कागदावर बरोबर येऊन थांबे. आम्ही तिघं दारातून बघत होतो. एक घाणा करपला. मंदाताईंनी वास घेतला, तो बाजूला काढला आणि स्वतःशीच म्हणाल्या, “हा गेला. मनातल्या मनात बोलत राहिले, लक्ष सुटलं.” पुढचा घाणा सोनेरी निघाला.

पल्लवी रडत होती, आवाज न करता. तरी त्यांना कळलंच. “पल्लू, आलीस? दारात काय उभी राहतेस, चपला काढ.”

“आई,” ती म्हणाली, “मी तुला न्यायला आले होते.”

“माहीत आहे,” मंदाताई म्हणाल्या. “बॅग मोठी आणलीयस ना? फराळ भरून घेऊन जा.”

आणि तसंच झालं. भाऊबीज झाल्यावर पल्लवी परत गेली ती डबे घेऊन. जाताना तिनं आईकडून साखरेच्या डब्याची मखमली पट्टी बांधायची पद्धत समजून घेतली. तिला तिची गरज नव्हती. पण मला वाटतं, तिला आपल्या घरात आईचा हात कुठेतरी लागलेला हवा होता.

सगळंच साधलं असं नाही. रांगोळी साधली नाही. मंदाताईंनी दोऱ्याचे ठसे करून पाहिले, भोकं पाडलेला पुठ्ठा वापरून पाहिला. पण हातातून सुटलेली पांढरी भुकटी बोटांना परत सापडत नाही. एका पाडव्याला त्यांनी डबी माझ्या हातात दिली. “आजपासून माझ्या दारातली तू काढ,” म्हणाल्या. “एवढं गेलं ते जाऊ दे.” त्या वाक्यात खंत होती, ती त्यांनी लपवली नाही, आणि ती बाळगत बसल्याही नाहीत. मी रांगोळी काढते तेव्हा त्या उंबऱ्यावर बसून विचारतात, आज कुठले रंग भरलेस? मी सांगते, त्या ऐकतात, आणि एखादा बदलायला लावतात.

मे महिन्यात दारात पुन्हा चपलांचा ढीग असतो. मुलं डोळ्यांवर रुमाल बांधून कागदाचे पक्षी करतात, आणि जो पक्षी सगळ्यात वाकडा तो मंदाताई जास्त वेळ हातात धरतात. कॉलनीतल्या एका निवृत्त शिक्षकांची नजर गेल्यावर त्यांची बायको वर आली होती, गोंधळलेली, थकलेली. मंदाताई तिच्या घरी गेल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या कपाटापाशी आणि ओट्यापाशी बसून खुणा बांधत राहिल्या. निघताना त्या बाईंना म्हणाल्या, “त्यांना सगळं हातात आणून देऊ नका. कुठं आहे ते सांगा, आणि मग थांबा.”

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांतला उरलासुरला उजेडही गेला. नाशिकची थंडी ऐन भरात होती. आम्ही दोघी गच्चीवर उन्हाला बसलो होतो. ऊन आता त्यांना फक्त अंगावर कळतं, कुठून आलं ते गालांनी सांगतात. बोलता बोलता त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि वेणीपाशी थांबल्या.

“पातळ झाले गं.”

“पिकलेत पण, ताई. बरेच.”

“कुठून?”

मी त्यांचं बोट धरून कपाळावरून नेलं, इथून, आणि इथवर. त्यांनी ते सावकाश तपासलं, भुवया, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या, गालाचं सैलावलेपण. मी विचारलं, “तुम्हाला मी आठवते कशी?”

“निळ्या साडीत,” त्या लगेच म्हणाल्या. “केस काळेभोर. हसताना तोंडावर पदर घ्यायचीस.” हात माझ्या गालावरच होता. “ती तिथं आहेच. पण हाताला तू आजची लागतेस. मला दोघी चालतात.”

ऊन कलेपर्यंत आम्ही तशाच बसलो. मला वाटत आलं होतं की काळ माणसाची आधीची रूपं एकेक करून घेऊन जातो आणि मागे फक्त त्यांची उणीव ठेवतो; त्या दुपारी कळलं की ती कुठे जात नाहीत, कोणाच्या तरी मिटलेल्या डोळ्यांआड ती न पिकता, न सुरकुतता, शांतपणे राहत असतात.